प्रथिनांची सोयरीक

इ. स. १९२२ च्या जानेवारी महिन्यात कॅनडातील टोरोंटो येथील रुग्णालयात लिओनार्ड टॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा मृत्युपंथास लागला होता. मधुमेहाने त्याच्या अंगावर मांस म्हणून उरले नव्हते. त्या काळी या रोगावर डॉक्टरांजवळ उपाय एकच असे, तो म्हणजे उपास. आणि उपासाने रोगी काही महिने अधिक जगला, तरी जगे तो अस्थिपंजर होऊन. ११ जानेवारीस फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी बैलाच्या स्वादुपिंडापासून काढलेला अर्क त्या मुलास टोचण्यात आला. अर्क अशुद्ध होता. गुण फारसा आला नाही, टोचल्या जागी गळू मात्र झाले. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो अर्क शुद्ध करून दिल्यावर २३ तारखेस पुन्हा टोचणी झाली, आणि मुलाच्या रक्तातील साखर एका दिवसात उतरली. तो मुलगा त्यानंतर आणखी १३ वर्षे जगला.

ही कथा वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळदा सांगितली गेली आहे. परंतु तिच्या पोटात एक प्रश्न दडलेला होता, आणि जीव वाचल्याच्या आनंदात तो फारसा कोणी विचारला नाही. औषध बैलाचे, रोगी माणूस. मग गुण आलाच कसा? इन्शुलिन हे प्रथिन आहे, आणि ते स्वतः साखरेला हात लावीत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर त्याला ओळखणारे एक दुसरे प्रथिन असते. इन्शुलिन त्याला येऊन भिडले म्हणजे निरोप आत पोचतो आणि पेशी साखर घेऊ लागते. हे ग्राही प्रथिन प्रयोगाने दाखवता आले ते १९७१ मध्ये, म्हणजे टोरोंटोनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. बैल आणि माणूस यांचे पूर्वज परस्परांपासून विभक्त होऊन सुमारे नऊ कोटी वर्षे लोटली आहेत. तरीही बैलाच्या देहात घडलेल्या प्रथिनाने माणसाच्या देहातील जोडीदारास ओळखले, आणि जोडीदारानेही त्याला परके मानले नाही.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी ओवून केलेली माळ. ही माळ स्वतःभोवती दुमडून विशिष्ट आकार धारण करते आणि त्या आकारावर तिचे काम ठरते. पण पेशीत एकटे प्रथिन क्वचितच काही करू शकते. एक दुसऱ्याला जागे करते, तिसऱ्याला अडवते, आणि पाच-पन्नास मिळून एखादे यंत्र उभे करतात. माणसाच्या पेशीत प्रथिनांचे नमुने सांभाळणारी सुमारे २०,००० जनुके आहेत, ही झाली शिरगणती. परंतु शिरगणतीने गाव कळत नाही. कोणाची कोणाशी सोयरीक आहे आणि कोणाचे कोणाशी वाकडे आहे, हे कळल्यावरच गावाचा कारभार उमगतो. २०,००० जणांतून दोघा-दोघांच्या जोड्या लावू गेल्यास त्या वीस कोटींच्या घरात जातात. एकेक जोडी प्रयोगशाळेत तपासून पाहणे अशक्यप्राय आहे.

म्हणून शास्त्रज्ञांना वंशावळीचा आधार घेण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. एका प्राण्यात अमुक दोन प्रथिनांची जोडी जमलेली आढळली, तर दुसऱ्या प्राण्यात त्यांच्या वंशबंधूंचीही जोडी असणार, असे न पाहता सांगता येईल काय? शितावरून भाताची परीक्षा करण्यासारखाच हा विचार. फरक इतकाच की शीत एका हंडीतले आणि भात दुसऱ्या हंडीतला. हा तर्क कोठवर चालतो आणि कोठे दगा देतो, याचा शोध जवळजवळ शंभर वर्षे चालू आहे.

पहिला भक्कम पुरावा केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांच्याकडून आला. इन्शुलिनच्या माळेतील मणी कोणत्या क्रमाने ओवलेले आहेत हे त्यांनी अनेक वर्षे खपून १९५५ पर्यंत निश्चित केले. कोणत्याही प्रथिनाचा संपूर्ण क्रम प्रथमच मानवाच्या हाती येत होता, आणि त्यासाठी १९५८ चे नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले. सँगर आणि त्यांचे सहकारी गाईच्या इन्शुलिनावर थांबले नाहीत. डुक्कर, मेंढी, घोडा आणि देवमासा यांचीही इन्शुलिने त्यांनी तपासली. फरक निघाले ते माळेच्या एका लहानशा वळणावर. बाकी सारी रचना तीच. पुढे माणसाचाही क्रम कळला. ५१ मण्यांपैकी गाय आणि माणूस यांच्यात तीन निराळे, डुक्कर आणि माणूस यांच्यात अवघा एक. जोडीदारास भिडण्याचा भाग कोट्यवधी वर्षे राखला गेला होता. टोरोंटोच्या मुलाचा जीव वाचला तो बँटिंग आणि कॉलिप यांच्या परिश्रमाने हे खरेच; पण निसर्गाने हा भाग न बदलता ठेवला नसता, तर ते परिश्रम वाया गेले असते.

मात्र याच तर्काला दुसरीकडे जबर ठोकर बसली. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे चोह हाव ली आणि हर्बर्ट एव्हन्स यांनी गुरांच्या पोषग्रंथीतून वाढीचे संप्रेरक शुद्ध करून घेतले. मेंदूच्या तळाशी असलेली ही ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांना ते टोचले, की ते पुन्हा वाढू लागत. पोषग्रंथीतील दोषामुळे खुजी राहिलेली मुले जगात सर्वत्र आहेत. बैलाचे इन्शुलिन चालते, तर बैलाचे हे संप्रेरकही चालेल, अशी आशा वाटणे साहजिक होते. पण ते चालले नाही. माणसाला चालले नाही आणि माकडालाही चालले नाही. १९५८ मध्ये बॉस्टनचे मॉरिस रेबेन यांनी मृत माणसांच्या पोषग्रंथींतून काढलेले संप्रेरक एका मुलास देऊन पाहिले, तेव्हा तो वाढू लागला. आणखी चमत्कार असा, की माणसाचे संप्रेरक उंदराला लागू पडते, उंदराचे मात्र माणसाला लागू पडत नाही. सोयरीक एकाच बाजूने मान्य!

या अपयशाची किंमत मुलांनी दिली. गुरांचे संप्रेरक निरुपयोगी ठरल्यामुळे मृत माणसांच्या ग्रंथी गोळा करण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि एका मुलाच्या उपचारास अशा अनेक ग्रंथी लागत. १९८५ मध्ये असे उघडकीस आले, की या संप्रेरकावर वाढलेले काही तरुण क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदू पोखरणाऱ्या असाध्य रोगाने दगावत आहेत. कोणा मृत व्यक्तीच्या ग्रंथीतून रोगाचे बीज औषधात उतरले होते. अमेरिकेत त्या औषधाचा वापर त्याच वर्षी बंद झाला, आणि जीवाणूंकडून तयार करवून घेतलेले मानवी संप्रेरक त्याच वर्षी वापरात आले. तथापि बीज ज्यांच्या देहात आधीच शिरले होते त्यांना त्याचा उपयोग नव्हता. जगभरात अशा रोग्यांची संख्या पुढे २०० च्या वर गेली. एक प्रथिन दुसऱ्या प्राण्याच्या देहात आपला जोडीदार ओळखील की नाही, हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नव्हता, हे यावरून ध्यानात यावे.

या दोन उदाहरणांत प्राणी एकमेकांचे निकटचे होते, सारेच सस्तन. नात्याची खरी कसोटी लागली ती अगदी दूरच्या, जवळजवळ अनोळखी अशा कुळात. पूर्व आफ्रिकेत बाजरीसारख्या धान्यांपासून गावठी बिअर करतात. स्वाहिली भाषेत तिला पोंबे म्हणतात. त्या पेयातून मिळालेले एक यीस्ट शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत आले आणि पोंबे हेच नाव त्याला चिकटले. ते मधोमध दुभंगून वाढते. पाव फुगवणारे आपल्या परिचयाचे यीस्ट तसे करीत नाही. त्याला बाजूने कोंब फुटतो. अमेरिकेत लीलँड हार्टवेल यांनी या कोंबाच्या यीस्टमध्ये पेशीच्या विभाजनावर ताबा ठेवणारी जनुके हुडकली होती. ब्रिटनमध्ये पॉल नर्स हे पोंबे यीस्टवर तेच काम करीत होते. त्यांना सीडीसी-२ नावाचे एक जनुक सापडले. ते बिघडले की पेशी लांबत जाते, पण दुभंगत नाही.

माणसाच्या पेशीतही असे एखादे जनुक असेल काय? १९८७ मध्ये लंडन येथे मेलानी ली आणि पॉल नर्स यांनी याचे उत्तर ज्या रीतीने मिळवले, ती रीत साधेपणामुळे आजही मनात भरते. त्यांनी माणसाच्या जनुकाचे नमुने मांडून पाहण्यात वेळ घालवला नाही. सीडीसी-२ बिघडलेली यीस्टची असंख्य पेशी त्यांनी घेतली आणि मानवी जनुकांच्या प्रतींचा सारा साठा त्यांत मिसळला. कोणत्या पेशीत कोणती प्रत शिरेल याला नियम नव्हता. मग वाट पाहिली. बहुतेक पेशी लांबट होऊन जागच्या जागी राहिल्या. पण काही थोड्या ठिकाणी पेशी दुभंगू लागल्या आणि त्यांच्या वसाहती वाढल्या. त्यांतील मानवी जनुक बाहेर काढून वाचले, तेव्हा त्याच्या प्रथिनातील १०० पैकी ६३ मणी यीस्टच्या सीडीसी-२ शी जुळले. यीस्ट आणि माणूस यांचे पूर्वज विभक्त होऊन शंभर कोटींहून अधिक वर्षे झाली असावीत. एवढ्या विरहानंतर माणसाच्या प्रथिनाने यीस्टच्या घरात येऊन यीस्टचा कारभार उचलला.

या प्रयोगाचे महत्त्व पुष्कळदा अर्धेच सांगितले जाते. माणसात आणि यीस्टमध्ये सारखे जनुक आहे, एवढेच त्यातून निघत नाही. सीडीसी-२ हे एकट्याने चालणारे प्रथिन नव्हे. १९८२ मध्ये वुड्स होल येथे टिम हंट यांना सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत एक प्रथिन दिसले होते. प्रत्येक विभाजनाच्या आधी ते साचे आणि विभाजनाच्या वेळी नाहीसे होई. त्याला सायक्लिन म्हणतात, आणि सीडीसी-२ त्याच्या संगतीवाचून जागे होत नाही. म्हणजे माणसाचे प्रथिन यीस्टमध्ये चालले, याचा अर्थ त्याला यीस्टमधील सायक्लिनने ओळखले. वारशाने प्रथिन चालत आले होते, आणि त्याच्याबरोबर त्याची सोयरीकही चालत आली होती. लगेच पुढच्या वर्षी, १९८८ मध्ये, याचा आणखी उघड दाखला मिळाला. पोंबे यीस्टमध्ये सीडीसी-२ ला चिकटणारे एक लहान प्रथिन आहे. ते बारीक मण्यांवर बसवून बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात घातले, तेव्हा त्याने त्या गर्दीतून बेडकाचे सीडीसी-२ नेमके पकडून बाहेर काढले, आणि अर्काची विभाजन घडवण्याची शक्ती त्याबरोबर निघून गेली. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

एव्हाना जोड्या ओळखण्याची एक नवी युक्तीही हाती आली होती. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक येथे स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी यीस्टलाच साक्षीदार केले. यीस्टमध्ये एखादे जनुक चालू करणाऱ्या प्रथिनाचे दोन भाग असतात. ते शेजारी आले तरच जनुक चालू होते. या दोघांनी ते भाग तोडून वेगळे केले, एकाला एक प्रथिन बांधले, दुसऱ्याला दुसरे. ती दोन प्रथिने परस्परांना भिडली तर तुटलेले भाग जवळ येतात, आणि यीस्ट तसे कळवते. १९९६ मध्ये पावाच्या यीस्टचा आणि १९९८ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. साक्षीदार तयार, गावांच्या याद्याही तयार.

२००० साली अमेरिकेत मार्क व्हिडाल यांच्या प्रयोगशाळेतून मारियन वॉलहाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूत्रकृमीच्या प्रथिनांतील जोड्यांचा एक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एक नवा शब्द घडवला: इंटरोलॉग. एका जातीत क आणि ख यांची जोडी असेल आणि दुसऱ्या जातीत त्यांचे वंशबंधू का आणि खा यांचीही जोडी असेल, तर त्या दोन जोड्या परस्परांच्या इंटरोलॉग होत. टोरोंटोपासून जे न बोलता गृहीत धरले जात होते, त्याला अखेर नाव मिळाले. नाव मिळाले म्हणजे मोजमापही करावे लागते. पुढच्या वर्षी त्याच गटाने यीस्टमधील माहितीवरून सूत्रकृमीतील जोड्यांचे भाकीत केले आणि त्यांतील काही तपासून पाहिल्या. १०० भाकितांपैकी खरी ठरली १६ ते ३१. आकडा निराशाजनक वाटेल. परंतु डोळे मिटून शोधण्यापेक्षा तो सहाशे पटींहून अधिक चांगला होता. २००४ मध्ये येल विद्यापीठातील मार्क गर्स्टाइन यांच्या गटाने असे दाखवले, की दोन्ही जोडीदारांचे साम्य एकत्र धरून १०० पैकी ८० च्या वर असेल, तर भाकितावर बरेच विसंबता येते. साम्य उतरत गेले की विश्वासही उतरतो.

दगा कोठे होतो? पहिला दगा भाऊबंदांचा. वॉल्टर फिच यांनी १९७० मध्येच बजावून ठेवले होते, की प्रथिनांचे नाते दोन प्रकारचे असते. एक पूर्वज जात दोन जातींत विभागली गेल्यामुळे जी प्रथिने वेगळी झाली ती ऑर्थोलॉग. आणि एकाच देहात जनुकाची दुसरी प्रत होऊन जी निपजली ती पॅरालॉग. पहिल्यांचे घराणे विभागले तरी कुळाचा व्यवसाय बहुधा तोच राहतो. दुसऱ्यांचे तसे नाही. एका घरात दोन भाऊ झाले, की थोरला वडिलांची गादी चालवतो आणि धाकटा दुसरा धंदा धरतो. त्याच्या नव्या सोयरिकी जुन्या कुळात कोणाला ठाऊकही नसतात. भाकीत करणाऱ्याने धाकट्याला थोरला समजून घेतले, की सगळेच गणित फसते. दुसरा दगा मूळ माहितीचा. यीस्टमधील जोड्यांच्या ज्या मोठ्या याद्या २००० आणि २००१ मध्ये निघाल्या, त्यांतील फार थोड्या जोड्या परस्परांशी जुळत होत्या. साक्षीदारच चुकला तर त्याच्या साक्षीवरून दिलेला निकाल कसा टिकावा? २००६ मध्ये स्व्हेन मिका आणि बुर्कहार्ड रोस्ट यांनी तर उलटा हिशेब मांडला: उपलब्ध माहितीत दोन जातींमधील साम्यापेक्षा एकाच जातीतील साम्यावरून केलेली भाकिते अधिक खरी उतरत होती. ऑर्थोलॉग म्हणजे हमी, अशी जी समजूत रुजू लागली होती तिला हा धक्का आवश्यक होता असे म्हणावे लागेल.

पण जेथे जोडीदार बदलले आहेत, तेथे त्या बदलातच खूण सापडते, हे याच सुमारास लक्षात आले. १९९२ मध्ये वाढीचे संप्रेरक आणि त्याचे ग्राही प्रथिन यांची परस्परांना भिडलेली रचना क्ष-किरणांनी स्पष्ट झाली, आणि १९९५ मध्ये जुन्या कोड्याचा उलगडा झाला. माणसाच्या ग्राहीत ४३ व्या जागी आर्जिनीन आहे. गाय, डुक्कर, उंदीर यांच्यात तेथे ल्यूसीन. संप्रेरकात १७१ व्या जागी माणसात अ‍ॅस्पार्टिक आम्ल, त्यांच्यात हिस्टिडीन. आर्जिनीनचे अ‍ॅस्पार्टिक आम्लाशी जमते, हिस्टिडीनशी जमत नाही. ल्यूसीनला मात्र दोन्ही चालतात. म्हणून माणसाचे संप्रेरक उंदरात लागू पडते आणि उंदराचे माणसात नाही. माणूस आणि माकड यांच्या पूर्वजांत आधी संप्रेरक बदलले. ते बदललेले जुन्या ग्राहीला चालले. मग ग्राही बदलला आणि मागचे दार बंद झाले. सोयरीक मोडली नव्हती. दोघे एकमेकांना सांभाळून घेत नव्या वळणावर गेले होते, एवढेच.

यावरून एक निराळीच पद्धत निघाली. दोन प्रथिने खरोखर जोडीदार असतील, तर एक बदलल्यावर दुसऱ्यालाही बदलावे लागेल, आणि अनेक जातींतील त्यांच्या वंशावळी काढल्या तर त्या एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या दिसतील. २००१ मध्ये माद्रिदच्या फ्लोरेन्सिओ पाझोस आणि आल्फोन्सो व्हालेन्सिया यांनी अशा वंशावळी ताडून जोड्या ओळखण्याची रीत मांडली. येथे एका जातीतील ठाऊक जोडीची उसनवारी नाही. सर्व जातींना एकदम साक्षीला बोलावले जाते.

२०१५ मध्ये टेक्सास विद्यापीठात आशिक कचरू, एडवर्ड मार्कोट आणि त्यांचे सहकारी यांनी ली आणि नर्स यांचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. ज्यांच्यावाचून यीस्ट जगू शकत नाही अशी ४१४ जनुके त्यांनी निवडली आणि एकेकाच्या जागी त्याचे मानवी रूप बसवले. जवळजवळ निम्म्या ठिकाणी यीस्ट जगले. कोणते चालेल आणि कोणते नाही, हे केवळ साम्याच्या प्रमाणावरून ठरत नव्हते. एकाच यंत्राचे भाग बहुधा एकदम चालत किंवा एकदम अडत. पेशीतील निकामी प्रथिने तोडणाऱ्या यंत्रात तर एका कड्याचे जवळजवळ सारे मानवी भाग यीस्टने स्वीकारले, आणि त्याला लागून असलेल्या दुसऱ्या कड्याचे बहुतेक नाकारले.

२०२१ च्या अखेरीस अमेरिकेतील डेव्हिड बेकर आणि चियान काँग यांच्या गटांनी पावाच्या यीस्टमधील प्रथिनांच्या ८३ लाख जोड्या गणकयंत्रापुढे ठेवल्या. प्रत्येक प्रथिनाचे इतर जातींतील वंशबंधू एकाखाली एक मांडून, कोणाच्या बदलाला कोणाचा बदल साथ देतो हे यंत्राने पाहिले आणि त्यावरून दोघे एकमेकांना कसे भिडत असतील याच्या आकृत्या काढल्या. १,५०५ जोड्या जमण्याजोग्या ठरल्या. त्यांतील १०६ जुळण्या त्यापूर्वी कोणाला ठाऊकच नव्हत्या, आणि ८०६ जुळण्या अशा, की त्या असल्याचे माहीत होते पण त्यांचे रूप कोणी पाहिले नव्हते. हे काम माणसापासून सुरू न करता पुन्हा एकदा यीस्टपासून सुरू झाले, ते उगाच नव्हे. यीस्टच्या जवळच्या कुळातील पुष्कळ बुरशींचे जनुकसंच वाचून तयार आहेत. शिवाय माणसाच्या देहात एकेका जनुकाचे इतके भाऊबंद झाले आहेत, की कोणाच्या शेजारी कोणाला मांडावे, हे ठरवण्यातच निम्मे काम खर्ची पडते.